सेवेस पात्र

आमच्या नौदलाला समुद्र नाही.
तो खापरपणजोबांच्या काळात युद्धात गेला.
उरलं हे सरोवर, साडेबारा हजार फुटांवरचं,
निळं, थंडगार;
आणि आमच्या निम्म्या पोरांना पोहता येत नाही.

सकाळी सहाला दवाखान्यासमोर रांग लागते.
सार्जंट साबिनो नावं पुकारतो, मी पायांपासून सुरुवात करते.
एकेचाळीसचा पाय चव्वेचाळीसच्या बुटात
किती दिवस चालेल, हे भांडारवाल्याला कोण सांगणार?
मी सांगते. दर सोमवारी. लेखी.
फोड, भेगा, नखाखाली साकळलेलं रक्त,
एकाची दाढ, एकाला नुसतीच घरची आठवण.
त्या दुखण्याला रजिस्टरात रकाना नाही,
मी 'पोटदुखी' लिहिते आणि एक दिवस आराम देते.

मग स्वयंपाकघर: टाकीत क्लोरीन, आचाऱ्याची नखं.
मग संडास. हो, तेही माझ्याच खात्यात.
खांद्यावर दोन पट्ट्या, हातात फिनेलचा मागणीअर्ज.
दुपारी गावातल्या बाया येतात,
गोल टोप्या मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसतात.
त्यांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत,
तरी औषध त्याच कपाटातून निघतं
आणि महिनाअखेरी हिशेब कसाबसा जुळतो.

विल्मेर ग्वासासे, वय अठरा,
सखल मुलखातला, गढूळ नदीकाठचा.
वर येऊन चारच दिवस झालेले.
मंगळवारी म्हणाला, डॉक्टर, डोकं दुखतंय.
सगळ्यांचंच दुखतं. नवा आला की दुखतंच.
गोळी दिली. पाणी पीत राहा म्हटलं.
परेडची तालीम होती, रांगेत माणूस कमी पडत होता.
शिक्का शाईवर टेकवला, कागदावर मारला:
सेवेस पात्र.

बुधवारी रात्री एकला चौघांनी त्याला चादरीत आणलं.
ओठ जांभळे. आडवं होता येईना.
स्टेथोस्कोप पाठीला लावला, तर आत
ओल्या वाळूवरून कुणी चालत असावं तसा आवाज.
बोटावरच्या यंत्रात अठ्ठावन्न.
आमच्या तळावर माझ्या देखत कुणी बुडालं नव्हतं.
हा बुडत होता, कोरड्या खाटेवर.

पुस्तकातला उपाय एका ओळीचा आहे: खाली न्या.
पण इथून खाली जायचं तर आधी सामुद्रधुनी ओलांडायची,
मग एल आल्टोपर्यंत आणखी वर चढायचं,
आणि मगच ला पासच्या दरीत उतार.
गस्तीच्या बोटींवर अँब्युलन्स चढत नाही.
ती चढते दोन फळ्यांवरून, गावच्या लाकडी तराफ्यावर;
आणि तराफेवाला झोपलेला.
साबिनोने त्याच्या दारावर अशी थाप मारली
की पलीकडच्या काठावरची कुत्री उठली.

सिलिंडर दोन. पहिला चढावरच संपला.
दुसऱ्याचा पाना सीटखाली घरंगळला,
अंधारात आम्ही दोघं गुडघ्यांवर,
चाचपतोय, एकमेकांना शिव्या देतोय,
हुद्दा-बिद्दा काही राहिला नाही.
पोरगं म्हणालं, इथे हवाच लावलेली नाही का?
मला हसू आलं. त्याची लाज अजून वाटते.

साडेपाचला इस्पितळात एकोणऐंशी.
आठला शहाऐंशी. मग मी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या पाव खाल्ला.
कमांडरचा फोन: परेडला किती जण उपलब्ध?
एक कमी, म्हटलं. बरं, म्हणाले.

रजिस्टर बरोबर आणलं होतं.
मंगळवारच्या शिक्क्याखाली लाल शाईने लिहिलं:
छाती तपासली नाही. चूक माझी. सही.
यालाही रकाना नाही; ओळ समासात गेली.

परतताना तराफेवाल्या डॉन एलेउतेरिओने पैसे घेतले नाहीत.
वल्ह्यावर रेलून बराच वेळ पाणी बघत होता.
मग म्हणाला, बायकोचा गुडघा सुजलाय, बघाल?
आणा, म्हटलं.
कधी?
रांग सहाला लागते.
आज मात्र उशीर होईल,
अजून कुणाचे पाय बघितलेले नाहीत.